माइल्स डेव्हिस आणि जॅझची वळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅझबद्दल वाचकांचे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले बरेचसे शेवटी एकाच माणसापाशी येऊन थांबतात: अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस. एका वादकाचा एवढा वाटा असू शकतो का, की हा सगळा रेकॉर्ड कंपन्यांनी आणि चरित्रकारांनी वाढवलेला महिमा आहे, अशी शंका त्यामागे असते. शंका रास्त आहे. सोपे प्रश्न आधी घेतलेत, अडचणीचे शेवटी. उत्तराचा एखादा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. एकटा वादक खरंच अख्ख्या जॅझला वळण देऊ शकतो का? थोडक्यात सांगा.

देऊ शकतो, पण इतर वादकांनी ते उचललं तरच. नवं काही वाजवणारे प्रत्येक पिढीत असतात. त्यांतलं बहुतेक त्यांच्याबरोबरच संपतं. माझी कसोटी साधी आहे: त्या माणसाबरोबर कधीही न वाजवलेले, वेगळी वाद्यं वाजवणारे लोक पाच-दहा वर्षांनी त्याची गोष्ट गृहीत धरून वाजवतात का? धरत असतील तर वळण लागलं. रेकॉर्ड किती खपल्या, मासिकांनी किती डोक्यावर घेतलं, हे त्यातून कळत नाही.

२. मग पहिला मान माइल्सचा का? लुई आर्मस्ट्राँग आणि चार्ली पार्करचं काय?

एका फटक्यात सर्वांत मोठा बदल कुणी केला असं विचाराल तर उत्तर आर्मस्ट्राँग, आणि यात मला जराही शंका नाही. त्याच्या आधीच्या न्यू ऑर्लिन्स पद्धतीत कॉर्नेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन बहुतेक वेळ एकत्रच वाजत, एकमेकांत गुंतलेले. १९२४ मध्ये तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या बँडमध्ये गेला आणि वर्षभर राहिला. त्या बँडच्या रेकॉर्ड्स ओळीनं ऐकल्या तर त्याच्या येण्यानं बाकीच्यांची लय कशी सैल आणि झुलती होत गेली ते कानाला कळतं. नोव्हेंबर १९२५ पासून शिकागोत 'हॉट फाइव्ह'ची ध्वनिमुद्रणं सुरू झाली आणि २८ जून १९२८ ला 'वेस्ट एंड ब्लूज' झालं. त्याच्या आरंभी ट्रम्पेट एकटा वाजतो, बारा-तेरा सेकंद, साथीला काहीही नाही. तेवढ्यात तो वरच्या टोकाला जाऊन खाली उतरतो आणि लय कुठेच तुटत नाही. जॅझ ही एकट्यानं मांडायची कला आहे हे त्यानंतर कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

सॅक्सोफोनवादक पार्करनं चाळिशीच्या दशकात ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक, केनी क्लार्क यांच्या संगतीत गती आणि स्वरांची निवड दोन्ही बदललं. तो १९५५ मध्ये ३४ व्या वर्षी गेला. या दोघांनी भाषाच घडवली, पण एकेकदाच. माइल्सचं प्रकरण वेगळं आहे. १९४९ ते १९७० या काळात जॅझनं जी मोठी वळणं घेतली त्यांतल्या निदान चारांच्या तोंडाशी तो उभा दिसतो. हा योगायोग नसावा असं वाटतं, म्हणूनच प्रश्न त्याच्यावर येतो.

३. माइल्सनं नेमकं काय काय बदललं? क्रमानं सांगाल का?

जन्म २६ मे १९२६, इलिनॉय राज्यातलं ऑल्टन, वाढला ईस्ट सेंट लुईसमध्ये, वडील दंतवैद्य. १९४४ मध्ये संगीत शिकायला न्यूयॉर्कला आला, पण खरा शोध पार्करचा होता. पुढच्याच वर्षी तो पार्करच्या बँडमध्ये होता.

पहिलं वळण: नऊ जणांचा वाद्यवृंद. त्यात फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबासुद्धा होते. संगीतसंयोजक गिल इव्हान्सच्या ५५ व्या रस्त्यावरच्या तळघरातल्या खोलीत ही मंडळी जमत. सप्टेंबर १९४८ मध्ये ते 'रॉयल रूस्ट' क्लबात वाजले, मग १९४९-५० मध्ये तीन बैठकांत ध्वनिमुद्रण झालं. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही, आणि 'बर्थ ऑफ द कूल' हे नाव तर १९५७ च्या एलपीला मिळालं. पण त्यातला जेरी मलिगन कॅलिफोर्नियाला गेला आणि तिथल्या शांत, हलक्या वादनाचा एक खांब झाला. जॉन लुईसनं 'मॉडर्न जॅझ क्वार्टेट' उभं केलं. म्हणजे पहिल्या उत्तरातली कसोटी पार पडली.

मधली काही वर्षं हेरॉइनमध्ये गेली. १९५४ च्या 'वॉकिन'' मध्ये त्यानं ब्लूजचा रांगडेपणा परत आणला. मग सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन असलेला पंचक (पाच जणांचा बँड), गिल इव्हान्सबरोबरचे मोठ्या वाद्यवृंदाचे अल्बम, आणि १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' (प्रश्न ५). १९६४-६८ च्या दुसऱ्या पंचकात वेन शॉर्टर, हर्बी हॅनकॉक, रॉन कार्टर, टोनी विल्यम्स होते. शेवटी १९६९ मध्ये इलेक्ट्रिक वाद्यं, 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू'.

४. मी जॅझ कधीच ऐकलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

'काइंड ऑफ ब्लू'पासूनच. सगळे तेच सांगतात, आणि बरोबर सांगतात. एक सूचना: मूळ एलपीच्या पहिल्या बाजूचं ध्वनिमुद्रण करताना टेपयंत्र किंचित संथ चालत होतं, त्यामुळे ती बाजू जरा चढ्या स्वरात ऐकू येते. १९९२ च्या आवृत्तीत हा दोष काढला, म्हणून त्यानंतरची घ्या. ती मुरली की आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्हकडे मागे जा आणि मग 'माइल्स स्माइल्स'कडे पुढे. 'बिचेस ब्रू' पहिल्या महिन्यात नको.

५. 'मोडल' जॅझ म्हणजे आपलं रागसंगीतच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि आपल्या कानांना तो पडणं साहजिक आहे.

आधी मोडल म्हणजे काय ते पाहू. पार्करच्या पद्धतीत दर बारला (तालाच्या एका छोट्या आवर्तनाला), कधी बारमध्ये दोनदा, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गुच्छ, बदलते. वादकाला प्रत्येक कॉर्डमधून वाट काढत पळावं लागतं. १९५८ मध्ये 'माइलस्टोन्स'च्या शीर्षकधुनेत आणि पुढच्या वर्षी 'काइंड ऑफ ब्लू'मध्ये माइल्सनं ही पळापळ थांबवली. 'सो व्हॉट' घ्या. एकूण ३२ बार. पहिले १६ बार एकच स्वरावली, डी डोरियन. मग ८ बार तीच स्वरावली अर्ध्या स्वरानं वर, ई फ्लॅट डोरियन. मग शेवटचे ८ बार पुन्हा पहिलीवर. संपलं. सोळा बार एकाच स्वरसमूहात राहायचं म्हटल्यावर वादकाला कॉर्ड भेदण्याचं कौशल्य दाखवून भागत नाही. त्याला धून सुचावी लागते.

आता साम्य बघा. पेटीवर डीला सा धरून डोरियन वाजवा: कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. पण साम्य इथेच थांबतं. थाट म्हणजे राग नव्हे, हे आपल्याकडे नवशिक्यालाही ठाऊक असतं. 'सो व्हॉट'मध्ये वादी-संवादी नाहीत, पकड नाही, आरोह-अवरोहाचे नियम नाहीत. आणि मधल्या आठ बारांत तर सा-च अर्ध्या स्वरानं सरकतो. आपल्याकडे अख्ख्या मैफलीत तानपुरा जागचा हलत नाही. इथे तो हलण्यावरच रचनेचा सारा ताण उभा आहे. त्या आठ बारांत कोल्ट्रेन काय करतो आणि माइल्स काय करतो ते आळीपाळीनं ऐका. माइल्स दोन-चार स्वरांत नवी जागा दाखवून मोकळा होतो. कोल्ट्रेन ती कोपरान् कोपरा धुंडाळतो.

कोल्ट्रेनला मात्र पुढे हिंदुस्थानी संगीताची खरीच ओढ लागली. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्यानं 'इंडिया' नावाची रचना न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड'मध्ये वाजवली, आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. माइल्सच्या मोडल विचाराची मुळं भारतात नाहीत. ती जॉर्ज रसेल या संगीतकाराच्या सिद्धांतात आहेत (प्रश्न ७).

६. माइल्स फार जलद वाजवत नसे, वरचे स्वरही बेताचेच. तंत्रात डिझी त्याच्या पुढे होता. मग एवढा प्रभाव कसा?

निरीक्षण अचूक आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये पार्करनं 'को-को' ध्वनिमुद्रित केलं तेव्हा माइल्स बँडमध्ये असूनही ट्रम्पेट गिलेस्पीनं वाजवला. ती गती एकोणीस वर्षांच्या माइल्सच्या आवाक्यातली नव्हती.

जे जमत नाही त्याच्यामागे तो धावला नाही. त्यानं मधल्या पट्टीत, कंपन जवळजवळ न देता, सरळ आणि एकाकी सूर घडवला. ट्रम्पेटच्या तोंडाला हार्मन म्यूट (आवाज दबवणारं बूच) लावून त्याची मधली नळी काढून टाकायची आणि मायक्रोफोनला अगदी चिकटून वाजवायचं, ही त्याची खूण झाली. पियानोवादक अहमद जमालकडून त्यानं रिकामी जागा सोडायला शिकून घेतलं. बालगंधर्वांपासून कुमार गंधर्वांपर्यंत आपण जसं दोन स्वरांत गायक ओळखतो, तसा माइल्स एका स्वरात ओळखू येतो. आज जगात कुठेही म्यूट लावलेला ट्रम्पेट हळुवार वाजला की आधी त्याचीच आठवण होते. एका वाद्याचा स्वभावच असा कुणाच्या नावावर लागणं दुर्मीळ.

७. 'काइंड ऑफ ब्लू'चं खरं श्रेय बिल इव्हान्सचं आहे असं वाचलं. खरं का?

बरंचसं खरं. पियानोवादक इव्हान्स तोवर माइल्सचा बँड सोडून गेला होता. या अल्बमसाठी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरच्या कोलंबिया स्टुडिओत काम झालं. एकच रचना विंटन केलीनं वाजवली, बाकी चार इव्हान्सनं. त्या अल्बमचा निवांत, पाण्यासारखा पोत त्याच्या पियानोतून आला आहे, आणि 'ब्लू इन ग्रीन' ही धून आपली आहे असं तो कायम सांगत आला. त्याबद्दल आपल्याला पंचवीस डॉलरचा चेक मिळाला अशी हकीकतही त्यानंच सांगितली आहे. माझा कौल त्याच्या बाजूनं आहे.

त्याच्याही मागे जॉर्ज रसेल. कॉर्डऐवजी स्वरावली केंद्रस्थानी ठेवणारा त्याचा ग्रंथ १९५३ चा. आणि रसेलला त्या वाटेवर ढकलणारी गोष्ट कोणती? चाळिशीच्या दशकात कोवळ्या माइल्सनं त्याला सांगितलेली, सगळ्या कॉर्ड्सच्या वाटा शिकायची इच्छा. माइल्सनं रसेलला प्रश्न दिला, रसेलनं सिद्धांत दिला, इव्हान्सनं रंग दिला, आणि माइल्सनं हे सारं एका खोलीत आणून दोन दिवसांत टेपवर उतरवलं. शेवटचं काम बाकीच्या दोघांकडून झालं नव्हतं. माइल्सचा वाटा तिथे आहे.

८. दुसऱ्यांच्या धुना त्यानं आपल्या नावावर केल्या, हे खरं का?

हो. 'फोर' आणि 'ट्यून अप' या दोन्ही गायक-सॅक्सोफोनवादक एडी व्हिन्सनच्या आहेत, हे जाणकार मान्य करतात. 'सोलर' ही गिटारवादक चक वेनच्या १९४६ च्या एका धुनेवरची आहे. 'सोलर'च्या पहिल्या ओळीची स्वरलिपी ब्राँक्समधल्या वुडलॉन दफनभूमीत माइल्सच्या समाधीदगडावर कोरलेली आहे. ज्याची धून, त्याचं नाव त्या दगडावर नाही, आणि हे मला खटकतं.

उलटंही घडलं. १९४७ ची 'डोना ली' माइल्सची. ती पार्करच्या नावावर छापली गेली आणि आजही बहुतेक ठिकाणी तशीच छापली जाते. त्या काळी रेकॉर्ड कंपनीच्या कागदावर नाव कुणाचं लागेल याला फारसा धरबंध नव्हता. पण व्हिन्सनच्या धुनांचे पैसे वर्षानुवर्षं माइल्सला मिळत राहिले, त्याला ही सबब पुरत नाही.

९. वादन बेताचं, धुना दुसऱ्यांच्या, सिद्धांत रसेलचा. मग माइल्सनं स्वतः केलं तरी काय?

माणसं निवडली, आणि त्यांना जे येत होतं तेच त्यांच्याकडून काढून घेतलं. माझ्या मते त्याच्या प्रभावाचं गमक हेच आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

१८ फेब्रुवारी १९६९. 'इन अ सायलेंट वे'ची बैठक. शीर्षकधून जो झाविनुलची, कॉर्ड्सनी भरलेली. माइल्सनं त्या जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या आणि खाली एकच स्वर धरून ठेवला. गिटारवादक जॉन मॅकलाफलिन इंग्लंडहून येऊन काहीच दिवस झालेले. जलद, अवघड वादनासाठी ख्याती. त्याला माइल्सनं सांगितलं की गिटार वाजवता येत नसल्यासारखं वाजव. मॅकलाफलिननं हा किस्सा अनेकदा सांगितला आहे. घाबरत घाबरत त्यानं सगळ्यांत सोपी कॉर्ड छेडली आणि धून एकेका स्वरानं उलगडत नेली. टेप चालूच होता. आज अल्बमच्या दुसऱ्या बाजूला जे ऐकू येतं ते तेच. नंतर निर्माता टिओ मॅसेरोनं तो तुकडा कापून शेवटी पुन्हा जोडला, म्हणून ती बाजू सुरू होते तशीच संपते.

सहा वर्षं मागे गेलं तर टोनी विल्यम्स. १९६३ मध्ये तो माइल्सच्या बँडमध्ये आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. क्लबात दारू विकली जाई, त्यामुळे त्याच्या वयाचीही अडचण होई. त्या मुलाच्या ड्रम्सभोवती माइल्सनं बँड बांधला. डिसेंबर १९६५ मध्ये शिकागोच्या 'प्लग्ड निकेल' क्लबात जाण्याआधी या तरुण साथीदारांनी आपसांत ठरवलं की आज अपेक्षेच्या नेमकं उलट वाजवायचं. जिथे चढायचं तिथे विरायचं, जिथे थांबायचं तिथे पेटायचं. माइल्सला काहीच सांगितलं नव्हतं, आणि त्याच रात्री ध्वनिमुद्रण होतं. त्यानं कुणाला अडवलं नाही. त्यांच्याबरोबर उडी घेतली. 'नेफरटिटी'त तर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन धूनच पुन्हा पुन्हा वाजवत राहतात आणि उपज सगळी ड्रम्स, बास, पियानोची. चाळिशी उलटलेल्या नामवंत नेत्यानं आपला सोलोच सोडून द्यावा, याला मोठं मन लागतं.

फळ काय मिळालं ते बघा. झाविनुल आणि शॉर्टरचं 'वेदर रिपोर्ट', मॅकलाफलिनचं 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा', चिक कोरियाचं 'रिटर्न टू फॉरएव्हर', हॅनकॉकचं 'हेडहंटर्स'. सत्तरच्या दशकातलं जॅझ-रॉक जवळजवळ सगळं त्याच्या बँडमधून बाहेर पडलेल्यांनी केलं. त्याआधी कोल्ट्रेन, इव्हान्स, कॅननबॉल ॲडर्ली. एवढे नेते दुसऱ्या कुणा एका बँडनं दिले असतील तर ते ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या. पण ब्लेकीचे शिष्य ब्लेकीची शैली पुढे नेत, माइल्सचे प्रत्येकजण निराळ्या दिशेनं गेले.

१०. माइल्स नसता तरी हे सगळं कुणीतरी केलंच असतं, नाही का?

बरंचसं, हो. रॉक आणि जॅझची मोट १९६७ मध्येच गॅरी बर्टननं गिटारवादक लॅरी कोरिएलला घेऊन बांधली होती. टोनी विल्यम्सचा 'लाइफटाइम' हा बँड 'बिचेस ब्रू'च्या आधीचा. माइल्स पहिला नव्हताच. पण तरुणानं केलं तर ती हौस ठरते, ४३ वर्षांच्या, कोलंबियासारख्या कंपनीत स्थिरावलेल्या माइल्सनं केलं तर इतरांना भूमिका घ्यावी लागते. त्यानं वजन दिलं.

परिस्थितीचा वाटाही मोठा. आर्मस्ट्राँगच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला सुमारे तीन मिनिटं मावत. कोलंबियानं १९४८ मध्ये एलपी आणली म्हणून नऊ मिनिटांचं 'सो व्हॉट' शक्य झालं, आणि टेप कापता-जोडता येऊ लागला म्हणून सत्तावीस मिनिटांचं 'बिचेस ब्रू'. १९४४ मध्ये नाच-गाणं चालणाऱ्या क्लबांवर अमेरिकेत जबर कर बसला. नुसत्या वाद्यसंगीताला तो लागत नसे. बसून ऐकायच्या छोट्या बँडला त्यानं हात दिला.

आणखी एक गोष्ट क्वचित बोलली जाते. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेनं ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. बड्या कंपन्यांशी समेट होईपर्यंत नोव्हेंबर १९४४ उजाडला. बीबॉप, म्हणजे पार्कर-गिलेस्पीची ती नवी पद्धत, नेमकं त्याच दोन वर्षांत न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या क्लबांत शिजत होतं. रेकॉर्ड्स आल्या तेव्हा ते पूर्ण तयार होऊन आलं, आणि ऐकणाऱ्यांना वाटलं की पार्कर-गिलेस्पीनी ते एका रात्रीत काढलं. मधल्या पायऱ्यांवरची माणसं दिसेनाशी झाली. एखादा वादक एकटाच युगकर्ता वाटायला लागला की मधलं ध्वनिमुद्रण हरवलेलं नाही ना, हे आधी तपासावं.

११. माइल्सला न जुमानता जॅझनं वळण घेतलं, असं कधी झालं का?

'काइंड ऑफ ब्लू' निघालं त्याच वर्षी. नोव्हेंबर १९५९ मध्ये ऑर्नेट कोलमन पांढरा प्लास्टिकचा सॅक्सोफोन घेऊन न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट'मध्ये उतरला. ठरलेल्या कॉर्ड्स नाहीत, पियानो नाही. माइल्सनं त्याची उघड हेटाळणी केली. काही फरक पडला नाही. फ्री जॅझ उभं राहिलं, आणि सहा-सात वर्षांनी माइल्सच्या दुसऱ्या पंचकातच लय कायम ठेवून कॉर्ड्स सोडून देणं सुरू झालं. कोलमनचा विचार त्याच्या घरात शिरला तो त्याच्याच तरुण साथीदारांच्या हातून.

१२. इलेक्ट्रिक होऊन त्यानं जॅझचं वाटोळं केलं असं जुने रसिक म्हणतात. तुमचं मत?

'इन अ सायलेंट वे', 'बिचेस ब्रू' आणि १९७२ चा 'ऑन द कॉर्नर' हे थोर अल्बम आहेत. त्यांच्या मागून आलेल्या पुष्कळ फ्युजनमध्ये (जॅझ-रॉकमध्ये) नुसती बोटांची कसरत आहे. त्याचा दोष माइल्सवर लादणं मला पटत नाही.

ट्रम्पेटवादक विंटन मार्सेलिसनं ऐंशीच्या दशकात माइल्सवर कडाडून टीका केली. १९८६ मध्ये व्हँकुव्हरला तो न बोलावता मंचावर चढला तेव्हा माइल्सनं बँड थांबवला. पण मार्सेलिसच्या त्या काळातल्या रेकॉर्ड्स ऐका: त्या माइल्सच्या साठच्या दशकातल्या पंचकाच्या वाटेनं जातात. विरोधकानंही विरोधासाठी त्याचंच जुनं घर निवडावं, याहून प्रभावाचा मोठा दाखला मला माहीत नाही.

१३. यातलं काही मुंबई-गोव्यापर्यंत पोचलं का?

आर्मस्ट्राँग नक्कीच पोचला. गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ म्हणजे चिक चॉकलेट. मुंबईत त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँगच म्हणत. ताजमध्ये वाजवणारा हा ट्रम्पेट सी. रामचंद्रांच्या संगीतात आला, आणि 'अलबेला'तली (१९५१) झुलती लय घराघरांत गेली. जॅझचं नावही न ऐकलेल्या लाखो मराठी कानांनी शिकागोतलं ते वळण असं ऐकलं आहे.

माइल्सचा धागा झाकीर हुसेन यांच्यापर्यंत येतो. माइल्सकडून मॅकलाफलिन, मॅकलाफलिनकडून १९७० च्या दशकातलं 'शक्ती', आणि त्यात माहीममध्ये वाढलेले झाकीरभाई. २०२४ च्या फेब्रुवारीत 'शक्ती'ला ग्रॅमी मिळालं. तसा तबला खुद्द माइल्सच्या 'ऑन द कॉर्नर'मध्येही आहे, बादल रॉय यांचा. तिथे तो ठेक्याच्या गर्दीत एक रंग म्हणून वाजतो. 'शक्ती'त तो बरोबरीनं बोलतो.

१४. या सगळ्या इतिहासात बायका कुठे आहेत?

मोक्याच्या जागी, पण नाव मागे ठेवून. पियानोवादक लिल हार्डिननं आर्मस्ट्राँगला त्याचा बँडनेता किंग ऑलिव्हरच्या सावलीतून बाहेर पडायला लावलं. हॉट फाइव्हमध्ये पियानो तिचा, काही धुनाही तिच्या. मेरी लू विल्यम्स स्वतः मोठी संगीतकार, आणि तिच्या हार्लेममधल्या घरी मंक, बड पॉवेल, गिलेस्पी जमत, तिला रचना दाखवत. माइल्सची पत्नी बेटी मॅब्रीनं १९६८ च्या सुमारास त्याच्या कानावर रॉक-फंकमधले जिमी हेंड्रिक्स आणि स्लाय स्टोन घातले. इलेक्ट्रिक वळणाची गोष्ट तिच्याशिवाय सांगणं अपुरं आहे. ती स्वतः पुढे बेटी डेव्हिस या नावानं जबरदस्त फंक गायिका झाली.

१५. माइल्स बायकांना मारहाण करत असे. मग त्याचं कौतुक का करायचं?

मारहाण खरी आहे. पत्नी फ्रान्सिस टेलर हिनं ते सांगितलं आहे आणि त्यानं आत्मचरित्रात कबूल केलं आहे. ती नर्तिका होती. त्याच्या हट्टापायी तिचं नृत्य सुटलं. २५ ऑगस्ट १९५९ ला 'बर्डलँड' क्लबाबाहेर पोलिसांनी माइल्सचं डोकं फोडलं, कारण तो काळा माणूस असून जागचा हलला नाही. ही घटना अनेकदा त्याच्या संतापाचा खुलासा म्हणून पुढे केली जाते. ती वंशद्वेषाचा पुरावा आहे, फ्रान्सिसवरच्या हाताचं समर्थन नाही. या पानावर मी त्याच्या संगीतातल्या वाट्याबद्दल लिहितो आहे. तो मान्य करण्यासाठी माणूस निर्दोष ठरवावा लागत नाही.

१६. स्वतःचा बँड नसलेल्या साथीदारानं जॅझ बदललं, असं उदाहरण आहे का?

आहेत, आणि ही माझी आवडती. जिमी ब्लँटन १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनकडे डबल बास वाजवायला आला. तोवर बास प्रामुख्यानं ठेका धरी. ब्लँटननं त्यावर सनईसारखी धून काढली. 'जॅक द बेअर' ऐका. क्षयानं जुलै १९४२ मध्ये तो गेला, वय २३. त्याच वर्षी मार्चमध्ये गिटारवादक चार्ली ख्रिश्चन २५ व्या वर्षी गेला. बेनी गुडमनच्या बँडमध्ये त्यानं विजेच्या गिटारला सॅक्सोफोनच्या पंगतीत बसवलं. दोघांना जेमतेम दोन-अडीच वर्षं मिळाली. पुढच्या बास आणि गिटारवादकांना त्यांना वळसा घालून जाता आलं नाही.

बिली स्ट्रेहॉर्नची गोष्ट जरा निराळी. तो १९३९ पासून १९६७ मध्ये मरेपर्यंत एलिंग्टनसाठी लिहीत राहिला. १९४१ मध्ये मानधनाच्या वादातून ASCAP या संगीतकारांच्या संस्थेच्या सभासदांच्या, म्हणून एलिंग्टनच्याही, धुना रेडिओवर बंद झाल्या. स्ट्रेहॉर्न त्या संस्थेचा सभासद नव्हता म्हणून त्याची 'टेक द ए ट्रेन' पुढे आली आणि बँडची ओळखधून झाली. एलिंग्टनचं म्हणून आपण जे ऐकतो त्यातलं कितीतरी त्याचं आहे.

१७. ज्याची एकही रेकॉर्ड नाही अशा माणसाचा प्रभाव मानायचा का?

हा प्रश्न बडी बोल्डनचा. न्यू ऑर्लिन्सचा हा कॉर्नेटवादक १९०७ मध्ये मनोरुग्णालयात दाखल झाला आणि १९३१ मध्ये तिथेच गेला. त्याचा एकही सूर उरलेला नाही. ज्यांनी त्याला ऐकलं त्यांनी त्याच्या दमदार आवाजाच्या आणि ब्लूजच्या आठवणी सांगितल्या, पण बऱ्याचशा कित्येक दशकांनंतर. नंतरच्यांनी त्याच्याकडून काय घेतलं हे ऐकून पडताळता येत नाही. त्याच्या पाठोपाठ आलेल्या कॉर्नेटवादकांनी त्याला मोठा मानलं एवढं पक्कं आहे. म्हणून मी त्याचं नाव या हकीकतीच्या आरंभी ठेवतो, आणि पहिल्या उत्तरातली कसोटी त्याला लावत नाही.